माडीवरचा देव, तळघरातले पूर्वज

इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म कधी आला, असं विचारलं तर पाठ्यपुस्तकातलं उत्तर ठरलेलं आहे. इ.स. ५९७. पोप ग्रेगरीने रोमहून धाडलेला ऑगस्टिन नावाचा साधू केंट परगण्यात उतरला, तिथल्या एथेलबर्ट राजाने बाप्तिस्मा घेतला आणि मग हळूहळू सगळा देश त्या वाटेने गेला. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. कारण त्याच केंटमध्ये, ऑगस्टिन येण्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी, नदीकाठच्या एका शेतकरी जमीनदाराच्या घरात येशूची प्रार्थना होत होती. आणि गंमत म्हणजे ज्या खोलीत ती होत होती, तिच्या बरोबर खाली, तळघरात, घरातले जुने पूर्वज संगमरवरी चेहऱ्यांनी बसलेले होते. त्यांच्या पुढ्यात भांडीही ठेवलेली होती.

हे घर म्हणजे ललिंगस्टनचा रोमन व्हिला. आज त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायचं आहे.

हल्ली गोव्यात व्हिला म्हटलं की तरणतलाव असलेला, विकायला काढलेला बंगला डोळ्यांसमोर येतो. रोमन लोकांचा व्हिला तसा नव्हता. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ शेतीवाडीसकटचं घर. मालकाचं राहतं घर, धान्याचं कोठार, गोठे, गडीमाणसांची वस्ती आणि भोवतालची जमीन, असं सगळं मिळून व्हिला. आपल्याकडच्या भाटकाराचं घर आणि भाट एकत्र कल्पावं, म्हणजे साधारण चित्र उभं राहील. आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. या घरांत राहणारे सगळे इटलीहून आलेले गोरे साहेब नव्हते. क्लॉडियस बादशहाच्या सैन्याने इ.स. ४३ मध्ये ब्रिटनवर स्वारी केली. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत तिथल्याच सधन ब्रिटन कुटुंबांनी रोमन पद्धतीची घरं बांधली, लॅटिन शिकून घेतली, गरम पाण्याची न्हाणीघरं केली. राज्यकर्त्यांची राहणी उचलणारा स्थानिक वरचा वर्ग कसा असतो, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

ललिंगस्टन लंडनच्या आग्नेयेला तीसेक किलोमीटरवर, डॅरेंट नावाच्या छोट्या नदीच्या काठी आहे. या खोऱ्यात असे बरेच व्हिला सापडले आहेत. जमीन सुपीक, नदीतून पुढे टेम्समध्ये आणि तिथून लंडनच्या बाजारात माल नेण्याची सोय. अठराव्या शतकाच्या मध्याला इथं हरणांच्या राखीव रानाला कुंपण घालताना मजुरांनी खांबांसाठी खड्डे खणले, ते थेट एका रंगीत नक्षीच्या जमिनीतून आरपार गेले. नोंद झाली, पण पुढे काही घडलं नाही. १९३९ साली एक झाड उन्मळून पडलं आणि त्याच्या मुळांबरोबर नक्षीच्या जमिनीचे बारीक चौकोनी दगड वर आले. मग महायुद्ध सुरू झालं. अखेर १९४९ मध्ये लेफ्टनंट कर्नल मीट्स यांच्या नेतृत्वाखाली खोदकाम सुरू झालं आणि ते १९६१ पर्यंत चाललं. बारा वर्षं! त्यानंतर अवशेषांवर छप्पर घालून ते लोकांसाठी खुले केले गेले.

घराची कहाणी थोडक्यात अशी. पहिल्या शतकाच्या अखेरीस टेकडीचा उतार कापून केलेल्या सपाटीवर पहिलं घर उभं राहिलं. दुसऱ्या शतकात ते वाढलं. त्याला न्हाणीघरांची एक रांगच जोडली गेली. ही न्हाणीघरं तापवण्याची रोमन युक्ती मोठी नामी होती. विटांच्या बुटक्या खांबांवर जमीन उचलून धरायची, बाहेरच्या बाजूला भट्टी पेटवायची, गरम हवा जमिनीखालून फिरवायची आणि भिंतीतल्या पोकळ विटांमधून वर काढून द्यायची. पाय ठेवाल तिथं उबदार. केंटच्या हिवाळ्यात त्याचं मोल काय असेल, हे थंडीत तिथं राहून आलेल्यांना विचारावं.

चौथ्या शतकात घराची भरभराट शिगेला पोहोचली. घर आणि नदी यांच्यामध्ये धान्याचं भलं मोठं कोठार बांधलं गेलं. त्या काळात ब्रिटनचं धान्य समुद्रापार ऱ्हाईन नदीकाठच्या रोमन सैन्यापर्यंत जात असे. इ.स. ३५९ च्या सुमारास ज्युलियनने तिथली कोठारं या धान्यासाठीच पुन्हा बांधून काढली. ललिंगस्टनच्या मालकाचा पैसा अशाच धान्यावर उभा असणार. त्या पैशातून त्याने पाहुण्यांसाठी एक देखणं दालन सजवलं आणि त्याची जमीन रंगीत दगडांच्या नक्षीने मढवली.

ही नक्षी अजून जागेवर आहे. मधल्या चित्रात पंख असलेल्या पेगॅसस घोड्यावर स्वार झालेला बेलेरोफोन, किमेरा नावाच्या राक्षसी प्राण्याला भाल्याने मारतो आहे. चार कोपऱ्यांत चार ऋतू होते, त्यातले तीन उरले आहेत. हिवाळा म्हणजे डोकं झाकून घेतलेली म्हातारी. पुढच्या अर्धगोल भागात, जिथं पाहुणे रेलून जेवत, तिथं बैलाचं रूप घेतलेला ज्युपिटर युरोपा राजकन्येला पळवून नेतो आहे. त्यावर दोन ओळींचा लॅटिन श्लोक आहे. बैल झालेल्या नवऱ्याचं हे पोहणं मत्सरी जूनोने पाहिलं असतं, तर वाऱ्यांच्या राजाकडे धाव घ्यायला तिला अधिक सबळ कारण मिळालं असतं, असा त्याचा आशय. हा विनोद कळायला व्हर्जिलचं 'ईनिड' वाचलेलं असावं लागतं. त्यात जूनो वादळ उठवायला वाऱ्यांच्या राजाकडे जाते. म्हणजे यजमान पाहुण्यांना सांगतो आहे, आपण शिकलेली माणसं आहोत बरं का! नक्षीच्या भौमितिक भागात स्वस्तिकंही आहेत. पण ती पाहून कुणी लगेच वैदिक संबंध जोडायला धावू नये. हे चिन्ह रोमन नक्षीकामात ठिकठिकाणी आढळतं आणि तिथं ते बहुतेक वेळा केवळ सजावट असते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. घराच्या एका टोकाला जमिनीत खोल गेलेली एक खोली होती. अभ्यासक तिला नुसती 'खोल खोली' म्हणतात, आपण तळघर म्हणू. दुसऱ्या शतकात हे पाण्याच्या देवतांचं देवघर होतं. भिंतीतल्या कोनाड्यात तीन जलदेवतांचं चित्र रंगवलेलं होतं. त्यातली एक अजूनही बऱ्यापैकी दिसते, केसांत पानं माळलेली. नदीकाठचं घर, तेव्हा पाण्याची देवता हे ओघानेच आलं. पुढे तो कोनाडा झाकला गेला आणि तळघरात दोन संगमरवरी अर्धपुतळे आले. दोन्ही दाढीवाल्या पुरुषांचे, दुसऱ्या शतकातल्या उत्तम कारागिरीचे. हे देवांचे नव्हेत, माणसांचे चेहरे आहेत. रोमन घरांत पूर्वजांच्या प्रतिमा ठेवून त्यांचा मान राखण्याची रीत होती, म्हणून हे घराण्याचे पूर्वज असावेत असं मानलं गेलं. ब्रिटनचा एकेकाळचा सुभेदार आणि पुढे इ.स. १९३ मध्ये अवघे तीन महिने बादशहा झालेला पर्टिनॅक्स आणि त्याचा बाप, असे हे दोघे असावेत, असाही एक तर्क अलीकडे मांडला गेला आहे. तर्क आकर्षक आहे, पण तर्कच. पुतळे कुणाचेही असोत, त्यांच्या पुढ्यात जमिनीवर मातीची भांडी ठेवलेली सापडली. नैवेद्याची, अर्पणाची.

पूर्वजांचं प्रकरण तळघरापुरतं नव्हतं. इ.स. ३०० च्या सुमारास घरामागच्या उतारावर एक समाधिमंदिर बांधलं गेलं. एक तरुण पुरुष आणि एक तरुण स्त्री यांना शिशाच्या शवपेट्यांतून तिथं पुरलं होतं. बरोबर काचेची आणि धातूची भांडी, चमचे, आणि पटावरच्या एका खेळाच्या ३० काचेच्या सोंगट्या. परलोकात वेळ जावा म्हणून असेल! हे सगळं जुन्या रोमन रीतीचं.

आणि मग चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात काहीतरी बदललं.

हा बदल कसा उलगडला, ते खोदकाम करणाऱ्यांच्या चिकाटीचं उदाहरण आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला घराला आग लागली. तळघराच्या वरची माडी जळून खाली कोसळली आणि तिच्या भिंतींचा रंगीत गिलावा हजारो तुकड्यांनी तळघरात भरून राहिला. आग लागली नसती तर त्या भिंती पावसाने कधीच धुऊन गेल्या असत्या. मीट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो एकेक तुकडा गोळा केला आणि पुढे वर्षानुवर्षं खपून ते तुकडे जुळवले गेले. त्यातून जे उभं राहिलं त्याने सगळेच थक्क झाले. एका भिंतीवर खांबांच्या मधोमध उभी असलेली सहा माणसं, मोत्यांच्या किनारीचे उंची कपडे घातलेली, दोन्ही हात बाजूंना पसरून तळवे उघडे धरलेली. प्राचीन ख्रिस्ती लोकांची प्रार्थनेची ही मुद्रा. आजही चर्चमध्ये मीस चालू असताना पाद्री असेच हात पसरतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. याशिवाय फुलापानांच्या कड्यात बसवलेलं मोठं ख्रिस्तचिन्ह. ग्रीक भाषेत 'ख्रिस्तोस' या शब्दाची पहिली दोन अक्षरं खी आणि ऱ्हो. ती एकमेकांत गुंफलेली, आणि दोन्ही बाजूंना आल्फा व ओमेगा. संशयाला जागाच नाही. ही खोली म्हणजे घरातलं चर्च होतं. ब्रिटनमधल्या ख्रिस्ती उपासनेच्या सर्वांत जुन्या ठोस पुराव्यांपैकी हा एक, आणि आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

या चर्चला घरातून असलेली वाट बंद करून बाहेरून स्वतंत्र दार काढलेलं होतं. मला ही बाब फार बोलकी वाटते. म्हणजे मालकाच्या कुटुंबाबरोबर बाहेरची माणसंही इथं येत असणार. शेतावरची कुळं, गडी, आसपासचे शेजारी. घराच्या खासगी दालनांत पाऊल न टाकता त्यांना प्रार्थनेला येता यावं, अशी ही सोय.

पण मग खालच्या तळघराचं काय? पुतळे फोडले गेले नाहीत, फेकले गेले नाहीत, नदीत बुडवले गेले नाहीत. ते तिथंच, वरच्या प्रार्थनेच्या पायाखाली राहिले. एवढंच नव्हे, तर वर चर्च झाल्यानंतरच्या काळातही तळघरात अर्पणाची भांडी ठेवली गेली असावीत, असं तिथल्या थरांवरून खोदकाम करणाऱ्यांना वाटलं.

याचा अर्थ काय लावायचा? एक शक्यता अशी, की मालकाने नवा धर्म घेतला, पण घरातल्या कुणीतरी, समजा म्हाताऱ्या आईने किंवा जुन्या नोकराने, पूर्वजांना उपाशी ठेवणं मान्य केलं नाही. दुसरी शक्यता अशी, की मालक स्वतःच दोन्हीकडे होता. वर नवा देव, खाली जुने पूर्वज, आणि त्याच्या मनात दोहोंचं भांडण नव्हतंच. तिसरी शक्यता अगदी साधी. पूर्वजांची पूजा थांबली होती, पण बापजाद्यांचे चेहरे टाकून कसे द्यायचे, म्हणून ते आदराने खाली ठेवून दिले गेले. यातली खरी कुठली, ते कुदळ सांगू शकत नाही. माणसांनी काय केलं ते जमिनीत उरतं, ते करताना मनात काय होतं ते उरत नाही. भांडं सापडतं, ते ठेवणाऱ्याचा हात थरथरत होता की सवयीने चालला होता, हे सापडत नाही.

तरीही ललिंगस्टन एकटं असतं तर अपवाद म्हणून सोडून देता आलं असतं. ते तसं नाही. डॉर्सेट परगण्यात हिंटन सेंट मेरी इथं १९६३ मध्ये एक नक्षीची जमीन सापडली. तिच्या मध्यभागी एका पुरुषाचा चेहरा आणि त्यामागे तेच ख्रिस्तचिन्ह आहे. बहुतेक अभ्यासक त्याला येशू मानतात. आणि त्याच जमिनीच्या दुसऱ्या भागात पुन्हा आपला बेलेरोफोन, किमेराला मारतो आहे! सत्प्रवृत्तीचा दुष्टावर विजय, अशा नव्या अर्थाने ती जुनी गोष्ट ख्रिस्ती घरात राहून गेली असावी. १९७५ मध्ये वॉटर न्यूटन इथं चांदीच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात चांदीचे त्रिकोणी पत्रे आहेत. नवस फेडायला देवळात असे पत्रे वाहायची रीत पूर्वापार होती. फरक इतकाच, की या पत्र्यांवर ख्रिस्तचिन्ह कोरलेलं आहे. देव बदलला, नवस फेडायची पद्धत तीच राहिली.

इतिहासाच्या पुस्तकांत धर्मांतर तारखांनी सांगितलं जातं. ३०६ मध्ये यॉर्कला कॉन्स्टंटाइनला सैन्याने बादशहा म्हणून घोषित केलं. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. ३९१ मध्ये थिओडोसियसने जुन्या देवांपुढचे बळी आणि देवळातली पूजा बंद करणारं फर्मान काढलं. तारखा खऱ्या आहेत. पण माणसांची घरं फर्मानाच्या तारखेला बदलत नाहीत. ती खोलीखोलीने बदलतात. आधी माडी, मग दालन, आणि तळघर सगळ्यात शेवटी, कधी कधी तर बदलतच नाही.

गोव्याच्या वाचकाला हे वाचताना सोळावं शतक आठवणं साहजिक आहे. पण इथं घाई करू नये. आपल्याकडे तिसवाडी, बारदेश, साष्टीत देवळं पाडली गेली, १५६० पासून इन्क्विझिशन बसलं, आणि कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा यांना रातोरात नदीपार न्यावं लागलं. ललिंगस्टनमध्ये अशा जबरदस्तीचा काही मागमूस नाही. तिथं निर्णय घराच्या मालकाचा होता. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. साम्य आहे ते नंतरच्या एका गोष्टीत. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण, असं मानणारी माणसं दोन्ही धर्मांत आहेत. बळजबरीने असो वा राजीखुषीने, वरची माडी बदलली तरी तळघराशी नातं तुटत नाही, एवढंच.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ललिंगस्टनचं घर जळालं. साधारण ४१० च्या सुमारास ब्रिटनमधला रोमन अंमलही संपला. घर पुन्हा उभं राहिलं नाही. टेकडीवरून घसरत आलेल्या मातीखाली ते गडप झालं, म्हणून तर टिकलं. ऑगस्टिन केंटमध्ये आला तेव्हा त्या मातीखाली एक चर्च आहे हे कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ६०१ मध्ये पोप ग्रेगरीने आपल्या धर्मप्रचारकांना लिहून कळवलं, की जुनी देवळं पाडू नका, फक्त मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि तिथंच प्रार्थना सुरू करा, म्हणजे लोक ओळखीच्या जागी येत राहतील. शहाणा माणूस! त्याचा हा सल्ला साडेनऊशे वर्षांनी गोव्यात आलेल्यांनी वाचला असता तर बरं झालं असतं. ललिंगस्टनला मात्र काहीसं तसंच घडलं. त्या तरुण जोडप्याच्या समाधिमंदिराच्या भिंतींचा आधार घेऊन मध्ययुगात तिथं एक छोटं चॅपेल उभं राहिलं, आणि कालांतराने तेही ढासळलं.

कधी लंडनला जाणं झालं तर ब्रिटिश म्युझियममध्ये ती हात पसरलेली माणसं आणि ते दोन पुतळे जरूर पाहा. जमल्यास आगगाडीने आइन्सफर्डला उतरून नदीकाठाने चालत ललिंगस्टनलाही जा. घराच्या मालकाचं नाव आपल्याला ठाऊक नाही, त्या सहा जणांचीही नाही. त्यातल्या एकाच्या मागे पडदा रंगवला आहे, म्हणून तो तेव्हा हयात नसावा असं म्हणतात. म्हणजे नव्या देवाच्या खोलीतही घरच्यांनी आपल्या मेलेल्या माणसाला जागा ठेवलीच होती. तळघरातल्या भांड्यांपेक्षा हे फार वेगळं होतं का, याचा विचार तिथं उभं राहून ज्याने त्याने करावा.